विजेच्या आगीसाठी २ किलोचा कार्बन डायऑक्साइड अग्निशामक: चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या कार्यालयातील सर्व्हरच्या खोलीत चार वर्षांपूर्वी यूपीएसच्या मागच्या टर्मिनलवर सैल झालेल्या जोडणीतून आग लागली, तेव्हा दारापाशी टांगलेला ६ किलोचा एबीसी पावडरचा (अनेक प्रकारच्या आगींवर चालणाऱ्या कोरड्या भुकटीचा) अग्निशामक मीच वापरला होता. ज्वाळा चार-पाच सेकंदांत विझल्या, आणि त्या क्षणी त्या लाल सिलिंडरबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटली. पुढच्याच क्षणी खोलीत पिवळसर धुक्यासारखी पावडर इतकी दाटली की मला दार दिसेना, आणि मी भिंत चाचपडत बाहेर आलो. खरे नुकसान मात्र पुढच्या आठवड्यात कळले. आगीने एक यूपीएस आणि दोन केबली जाळल्या होत्या. पावडरीने त्याच खोलीतील, आगीची झळही न लागलेली पाच यंत्रे निकामी केली.

त्याचे कारण त्या पावडरीच्या घडणीतच आहे. एबीसी पावडरीचा मुख्य घटक मोनोअमोनियम फॉस्फेट हा असतो. तापलेल्या पृष्ठभागावर तो वितळतो आणि चिकट, काचेसारखा थर धरून बसतो. लाकूड, कागद, कापड यांच्या निखाऱ्यांवर तो परिणामकारक ठरतो तो या गुणामुळेच. परंतु यंत्रांच्या पंख्यांनी आत ओढून घेतलेली हीच पावडर हवेतला दमटपणा शोषते, आम्लधर्मी होते आणि तांब्याच्या पट्ट्या, सोल्डरचे सांधे, कनेक्टरच्या पिना हळूहळू खाऊ लागते. आम्ही ब्लोअरने साफसफाई केली, तीही उशिरा, आणि तेवढ्याने भागले नाही. ज्या दोन यंत्रांचे बोर्ड त्याच दिवशी काढून जाणकाराकडून धुऊन घेतले, तेवढी वाचली.

त्यानंतर आम्ही २ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक घेतला. गेली चार वर्षे तो त्या खोलीच्या दाराबाहेर टांगलेला आहे. एकदा सरावासाठी आणि एकदा प्रत्यक्ष आगीवर मी तो वापरला आहे. हा अभिप्राय त्या अनुभवावर आणि खरेदीपूर्वी केलेल्या चौकशीवर आधारलेला आहे.

खरेदीच्या वेळी पहिला गोंधळ झाला तो अक्षरांचा. ‘सी’ हे अक्षर असलेला अग्निशामक विजेच्या आगीवर चालतो, असे आम्हाला एका विक्रेत्याने ठामपणे सांगितले, आणि दुसऱ्याने तितक्याच ठामपणे ते नाकारले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अमेरिकेतील वर्गवारीत ‘सी’ म्हणजे वीजप्रवाह चालू असलेली उपकरणे. युरोपीय वर्गवारीत आणि तिच्यासारखी मांडणी स्वीकारणाऱ्या देशांत ‘सी’ म्हणजे ज्वालाग्राही वायू. या दुसऱ्या वर्गवारीत विजेच्या आगीला स्वतंत्र अक्षरच नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. जळते ते वायरचे आवरण, प्लास्टिकची पेटी किंवा ट्रान्सफॉर्मरमधले तेल, आणि वीज फक्त उष्णता पुरवत राहते. ऑस्ट्रेलियात मात्र याच आगीसाठी ‘ई’ हे अक्षर वापरतात. म्हणून नुसते अक्षर पाहून अग्निशामक घेऊ नये. वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणांवर वापरता येईल असे लेबलवर स्पष्ट वाक्यात लिहिले आहे का, आणि किती व्होल्टपर्यंत व किती अंतरावरून, हे वाचावे. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर ही मर्यादा बहुधा १,००० व्होल्ट आणि १ मीटर अशी दिलेली असते. अमेरिकन लेबलवर ‘ए’ (लाकूड-कागदासारखे घन पदार्थ) आणि ‘बी’ (ज्वालाग्राही द्रव) या अक्षरांआधी आग विझवण्याची क्षमता सांगणारे आकडे असतात, पण ‘सी’ला आकडा नसतो, ते अक्षर एवढेच सांगते की झोतातून वीज वाहून हातापर्यंत येणार नाही. आग किती मोठी विझेल, याचे उत्तर त्यात नसते.

आता सिलिंडरविषयी. भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन पाच-सहा किलोच्या दरम्यान भरते आणि सडपातळ बांध्याच्या माणसालाही तो एका हाताने उचलता येतो. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे ५७ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) असतो. पावडरीच्या सिलिंडरमधला दाब साधारण १५ बार असतो हे लक्षात घेतले की हा सिलिंडर एवढ्याशा आकाराच्या मानाने इतका जड आणि जाड भिंतींचा का, हे समजते. ३१ अंशांच्या वर हा द्रव द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने वाढत जातो. सिलिंडरला फुटीव चकतीची (दाब फार वाढला की आधी फुटून वायू बाहेर सोडणाऱ्या चकतीची) सुरक्षा असते, तरीही तो उन्हात किंवा तापलेल्या यंत्राला खेटून ठेवू नये.

सरावाच्या दिवशी आम्ही मोकळ्या मैदानात पत्र्याच्या डब्यात थोडे इंधन पेटवून अग्निशामक वापरून पाहिला, आणि कागदावर न कळणाऱ्या तीन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे आवाज. झोत सुटताना इतका मोठा फूत्कार होतो की आमच्यातील एका सहकारी ताईंनी दचकून दांडीच सोडली. दुसरी म्हणजे पल्ला. कर्ण्यातून, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेल्या रुंद नळकांड्यातून, येणारा पांढरा ढग दीड मीटरपर्यंत भरीव वाटतो आणि त्यापुढे विरत जातो. वाऱ्याची झुळूक आली तर तेवढाही पोचत नाही. पावडरीचा झोत चार-पाच मीटर जातो, तेव्हा त्याची सवय असलेल्या माणसाला आगीच्या एवढे जवळ जाणे जड जाते. तिसरी म्हणजे वेळ. पूर्ण सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपला. इतक्या कमी वेळात चाचपडायला सवड नसते, म्हणून पिन ओढणे, कर्णा आगीच्या मुळाशी रोखणे, दांडी दाबणे आणि कर्णा सावकाश डावी-उजवीकडे फिरवणे या चार क्रिया प्रत्येकाच्या हाताला एकदा तरी झालेल्या असाव्यात. सरावासाठी एक सिलिंडर रिकामा करणे हा वाया गेलेला खर्च आहे असे काही जणांना वाटले होते. माझे मत अगदी उलट आहे.

कर्ण्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या उपकरणातली माणसाला इजा करणारी सर्वांत नेहमीची जागा तीच आहे. बाहेर पडताना द्रवाचा काही भाग कोरड्या बर्फाचा होतो आणि त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असते. साधा प्लास्टिकचा कर्णा उघड्या हाताने धरला तर कातडी गोठून चिकटते. दुहेरी भिंतीचे, थंडी हातापर्यंत न पोचू देणारे कर्णे मिळतात, आणि आम्ही तसाच घेतला. त्यासाठी जादा पैसे मोजावे लागले तरी मोजावेत असे मी म्हणेन, कारण घाबरलेला माणूस हात कुठे ठेवतो याचा नेम नसतो. २ किलोच्या सिलिंडरला सहसा लवचीक नळी नसते. फिरणाऱ्या आडव्या पाइपला कर्णा जोडलेला असतो. तो आधी हव्या त्या दिशेला वळवून ठेवावा आणि मग दांडी दाबावी, म्हणजे त्याला हात लावण्याची वेळच येत नाही.

प्रत्यक्ष आगीचा प्रसंग दीड वर्षापूर्वी आला. वितरण पेटीतल्या एका एमसीबीच्या (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) खालच्या स्क्रूजवळ केबल काळी पडून धुमसू लागली आणि बघता बघता तिच्या आवरणाने पेट घेतला. आम्ही आधी मुख्य स्विच बंद केला. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे, कारण कोणताही अग्निशामक या कृतीची जागा घेऊ शकत नाही. प्रवाह चालू राहिला तर सैल सांध्यातली उष्णता चालूच राहते, वायू काही क्षणांत विरतो आणि त्याच जागी पुन्हा ज्वाळा येते. मुख्य स्विचपर्यंत सुरक्षितपणे पोचता येत नसेल, तरच चालू प्रवाहावर झोत मारण्याचा विचार करावा. यूपीएस आणि इन्व्हर्टर मुख्य स्विच पाडल्यावरही आपल्या बॅटरीवर चालू राहतात, मोठ्या कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार काही वेळ टिकतो आणि सौर पॅनेल दिवसाउजेडी वीज बनवतच असतात. म्हणून स्विच पाडल्यावरसुद्धा वीज न वाहणारे माध्यमच वापरायचे.

दीड मीटरवरून दोन छोटे झोत दिल्यावर ज्वाळा गेली. मिनिटभरात त्याच जागी पुन्हा धूर दिसू लागला, कारण कार्बन डायऑक्साइड मुख्यतः प्राणवायू दूर सारून आग विझवतो. तापलेले प्लास्टिक तो फारसे गार करत नाही. तिसरा झोत द्यावा लागला आणि तेव्हा सिलिंडर जवळजवळ संपला. चौथ्यांदा धूर आला असता तर आमच्या हाती काही उरले नसते. त्या दिवसापासून त्याच आकड्याशेजारी दुसरा सिलिंडर टांगला आहे. ज्या पेट्यांचे झाकण बंद असते त्यांच्याबाबत आणखी एक काळजी सांगितली पाहिजे. धूर येत असलेल्या पॅनेलचे दार सताड उघडू नये. आत ठिणगीचा लोळ असेल तर तो थेट तोंडावर येतो, आणि ताजी हवा मिळून दबलेली आगही भडकते. झरोक्यातून किंवा फटीतून वायू आत सोडावा.

नुकसानीचा हिशोब मात्र या वेळी अगदी वेगळा होता. एक एमसीबी आणि हातभर केबल बदलली. शेजारच्या एमसीबींवर, मीटरवर आणि नियंत्रक बोर्डावर पुसण्याजोगेही काही उरले नव्हते. गोठवणाऱ्या झोतानंतर धातूवर दव धरते, म्हणून वीजतंत्रज्ञाने पेटी पूर्ण वाळू दिली, इन्शुलेशन तपासले आणि मगच प्रवाह चालू केला. पावडरीचा अनुभव घेतलेल्या माणसाला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही.

तरीही या सिलिंडरचा एक दोष असा आहे की विक्रेते त्याचा उल्लेखही करत नाहीत, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. जो वायू आगीचा प्राणवायू हिरावतो तोच माणसाच्या श्वासातही शिरतो. १ किलो कार्बन डायऑक्साइडपासून खोलीच्या तापमानाला अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू तयार होतो. आमची सर्व्हरची खोली ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे १८ घनमीटरची आहे. २ किलोचा सिलिंडर तिथे पूर्ण रिकामा केला तर हवेतले प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास जाते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या निकषांनुसार ४ टक्के हेच प्रमाण जीविताला तात्काळ धोकादायक मानले जाते. कोणी उत्साहाने ५ किलोचा सिलिंडर घेऊन त्याच खोलीत रिकामा केला तर प्रमाण चौदा-पंधरा टक्क्यांवर जाईल, आणि १० टक्क्यांच्या वर माणूस काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळघरात आणि खड्ड्यासारख्या जागेत तो साचून राहतो. म्हणून मोठा सिलिंडर म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज लहान बंद खोलीपुरता मनातून काढून टाकावा. आम्ही दारात उभे राहून, पाठीशी मोकळा मार्ग ठेवून झोत सोडतो, लगेच बाहेर येऊन दार ओढून घेतो, आणि खोली नीट हवेशीर झाल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देत नाही.

दुसरा दोष देखभालीचा आहे. पावडरीच्या सिलिंडरवर दाबमापक असतो आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे येता-जाता दिसते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर तो सहसा नसतो, आणि असता तरी उपयोग झाला नसता. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोवर दाब तापमानाप्रमाणेच राहतो, मग सिलिंडर भरलेला असो की निम्मा. तो भरलेला आहे हे कळण्याचा मार्ग एकच, वजन करणे. सिलिंडरवर कोरलेल्या किंवा छापलेल्या मूळ वजनाशी ते ताडून पाहायचे आणि आतल्या वायूच्या दहा टक्के, म्हणजे २ किलोच्या सिलिंडरमध्ये २०० ग्रॅम, घट दिसली की तो पुन्हा भरायला पाठवायचा. शरीराचे वजन करण्याच्या काट्यावर एवढा फरक खात्रीने कळत नाही, म्हणून आम्ही लटकता डिजिटल काटा घेतला. दुसऱ्या वर्षी देखभालीला आलेल्या माणसाने सिलिंडर पुसला, नवे कार्ड अडकवले, सही केली आणि तो निघून गेला. वजन त्याने केलेच नव्हते. आम्ही केले तेव्हा ३५० ग्रॅम कमी भरले. झडपेतून सावकाश गळती होत होती. कार्डावरची सही पाहून आम्ही निर्धास्त राहिलो असतो, तर दीड वर्षापूर्वीच्या त्या तिसऱ्या झोताला वायू पुरलाच नसता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पर्यायांविषयी थोडक्यात. नाजूक आणि महागड्या उपकरणांसाठी पूर्वी हॅलॉन १२११ हे आग विझवणारे द्रव्य सर्वोत्तम मानले जाई. परंतु ते ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७च्या माँट्रियल करारान्वये विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४पासून थांबले. त्याच्या जागी आलेले ‘क्लीन एजंट’ प्रकारचे अग्निशामक मागे काही अवशेष ठेवत नाहीत, झोत कार्बन डायऑक्साइडपेक्षा दूर फेकतात आणि लहान खोलीत गुदमरण्याचा धोका त्या मानाने कमी ठेवतात. मोठ्या संगणककेंद्राची जबाबदारी माझ्यावर असती तर मी त्यांचा विचार नक्कीच केला असता. मात्र ज्वाळेत त्यांचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे दाहक वायू तयार होतात, एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गटातील द्रव्यांची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट असते आणि माँट्रियल करारातील २०१६च्या किगाली दुरुस्तीनंतर त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवला जात आहे. पुढच्या दहा वर्षांत ते पुन्हा भरून मिळतील का, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारावा.

विआयनित (डीआयोनाइज्ड), म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणारे अग्निशामकही आता मिळतात. युरोपीय मानकातील ३५,००० व्होल्टची वीजवहन चाचणी ते उत्तीर्ण झालेले असतात, तरी जमिनीवर साचलेले पाणी इतर धूळ-क्षारांत मिसळून वीज वाहू शकते. कागदपत्रे आणि विजेची उपकरणे एकत्र असलेल्या कार्यालयीन खोलीत मी त्यांचा स्वीकार करीन, वितरण पेटीसमोर करणार नाही. साध्या पाण्याचा आणि साध्या फेसाचा अग्निशामक चालू प्रवाहाजवळ अजिबात वापरू नये.

लिथियम-आयन बॅटऱ्यांचा मुद्दा याहून वेगळा आहे, आणि आजकाल यूपीएसमध्येही त्या येऊ लागल्यामुळे तो टाळता येत नाही. त्यांच्या आत एकदा उष्णतेची साखळी सुरू झाली की बाहेरचा प्राणवायू अडवून ती थांबत नाही. कार्बन डायऑक्साइडने ज्वाळा क्षणभर दबते आणि बॅटरी पुन्हा पेटते. त्या भरपूर पाण्याने बराच काळ गार कराव्या लागतात. हे काम अग्निशमन दलाचे आहे, आपले काम माणसे बाहेर काढून दार बंद करण्याचे. आमच्या सिलिंडरकडून या प्रसंगी मी कसलीही अपेक्षा ठेवत नाही, आणि कोणी ठेवूही नये.

एवढे सगळे लिहूनही एबीसी पावडरचा अग्निशामक मी भंगारात काढलेला नाही. तो आता बाहेरच्या मार्गिकेत, लाकडी कपाटांजवळ टांगलेला आहे. घरातल्या किंवा दुकानातल्या माणसाला एकच अग्निशामक परवडणार असेल, आणि आसपास लाकूड, कापड, कागद असेल, तर पावडरीचाच घ्यावा असे मी आजही सांगतो. विजेपासून सुरू झालेली आग तिथे काही मिनिटांत पडद्यांची आणि फर्निचरची आग होते, आणि तिच्यापुढे कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो. उपकरणे निकामी होतील, पण माणसे आणि छप्पर वाचेल. जिथे पॅनेल, सर्व्हर किंवा नियंत्रक यंत्रे आहेत आणि जळण्यासारखे दुसरे फारसे काही नाही, तिथे कार्बन डायऑक्साइडला माझी पहिली पसंती आहे.

घेताना सील आणि पिन जागेवर आहेत ना, मानेवर किंवा खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली आहे ना, रिकाम्या सिलिंडरचे वजन वाचता येते ना, हे दुकानातच पाहावे आणि शक्य असेल तर तिथेच वजन करून घ्यावे. टांगताना तो खोलीच्या आत, पॅनेलच्या बाजूला नको. आग तिथेच लागली तर हात पोचणार नाही. दाराबाहेर, दांडी साधारण छातीच्या उंचीवर येईल अशा बेताने तो असावा.

दाबचाचणीची मुदत देशोदेशीच्या नियमांप्रमाणे ५ किंवा १० वर्षांची असते. आम्हाला लागू असलेली मुदत ५ वर्षांची आहे आणि आमच्या पहिल्या सिलिंडरची ती पुढच्या वर्षी भरते. तो चाचणीला गेल्यावर भिंतीवरचा आकडा रिकामा राहू नये म्हणून त्याच मापाचा आणि त्याच प्रकारच्या कर्ण्याचा तिसरा सिलिंडर मी गेल्या आठवड्यात मागवला आहे. तो हाती आल्याबरोबर त्याचे वजन करून वहीत पहिली नोंद घालणार आहे.